चौथ्या टेबलाचा थर्मामीटर

शाळेच्या प्रयोगशाळेत सहा टेबलं होती आणि त्या सहाही टेबलांच्या खोडी एकाच माणसाला ठाऊक होत्या. मुलं त्याला लॅबवाले काका म्हणत. शिक्षकही काका म्हणत, शिपाईही काकाच म्हणे. आपल्याला एक नावही आहे हे त्यांना रोज सकाळी हजेरीवर सही करताना तेवढं आठवे.

पहिल्या टेबलाची खोड एवढीच, की त्याचं सगळं सामान सरळ होतं. दुसऱ्या टेबलाचं स्टॉपवॉच दाबल्यावर क्षणभर विचार करून मगच चालू होई. पाचव्या टेबलाच्या ताणकाट्याचा दर्शक शून्यावर न थांबता एक रेघ खाली लोंबे. आणि चौथ्या टेबलाचा थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवी. त्याच्या आतली पट्टी कधीतरी सरकली होती. कधी, तर एकवीस वर्षांपूर्वी. काकांनी तेव्हा रीतसर अर्ज केला होता. अर्ज कपाटात गेला, कपाट दुसऱ्या खोलीत गेलं, आणि थर्मामीटर जागच्या जागी राहिला.

पुढे काकांच्या लक्षात एक गंमत आली. प्रयोग न करता पहिल्या टेबलावरच्या मित्राची वही उतरवून काढणारा चौथ्या टेबलावरचा मुलगा नेमका पकडला जायचा, कारण त्याचे आकडे बरोबर असायचे. त्या टेबलावर बरोबर आकडा येणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून काकांनी अर्ज करणं सोडून दिलं. घरात एखादं भांडं गळकं असतं, पण घरच्या बाईला ते कुठे धरायचं ते ठाऊक असतं, तसं झालं.

त्या वेळच्या विज्ञानाच्या बाई या बाबतीत काकांवर डोळे मिटून विसंबत. सत्र संपताना जर्नलांचा गठ्ठा आधी काकांकडे यायचा. काका तो दोन दुपारी बसून चाळायचे आणि ज्या वहीची शंका येईल तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायचे. ठिपक्याची वही बाई बाजूला ठेवायच्या, मुलाला बोलवायच्या, आणि दहातली नऊ मुलं दोन मिनिटांत कबूल व्हायची. तो ठिपका काका देतात हे मुलांना कधी कळलं नाही. काकांना मात्र त्या ठिपक्याचा केवढा अभिमान! मुख्याध्यापकांच्या सहीला वजन असेल, पण त्या सहीच्या आधी आपला ठिपका असतो, असं ते बायकोला सांगत. बायको म्हणे, "असेल, पण दिसत तर नाही."

मग त्या बाई निवृत्त झाल्या आणि नवे सर आले.

नवे सर वाईट असते तर काकांचं आयुष्य सोपं झालं असतं. पण माणूस चांगला होता. वयाने काकांच्या मुलाएवढा, चालायला चपळ, बोलायला गोड. बाटल्यांचा ट्रे स्वतः उचलायचा. काकांसाठी चहा मागवायचा, आणि तोही न विसरता बिनसाखरेचा. काकांनी ज्या मुलांना तीस वर्षं 'हात लावू नका' म्हणून लांब ठेवलं, ती मुलं आता मधल्या सुट्टीतही प्रयोगशाळेत येऊन सरांच्या टेबलाभोवती माश्यांसारखी घोंगावायची. सर काहीतरी म्हणायचे, मुलं खळखळून हसायची, आणि आतल्या खोलीत परीक्षानळ्या पुसणाऱ्या काकांच्या हातातली नळी जरा जास्तच जोरात पुसली जायची. आपण गेली तीस वर्षं एकही विनोद केला नाही, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. घरी जाऊन त्यांनी एक करून पाहिला. बायकोने विचारलं, बरं वाटत नाही का.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणतात. काकांच्या नाकाला ते तिखट खरं झोंबलं ते सॉफ्टवेअरमुळे.

मुलं आता जर्नल घरी टाइप करून आणत. त्यातली बरीचशी एआयकडून लिहून घेत, हे सगळ्या शिक्षकखोलीला ठाऊक होतं. चहा पिताना त्यावर रोज चर्चा व्हायची आणि कप धुतला की संपायची. सरांनी एक तपासणीचं सॉफ्टवेअर आणलं. वही त्यात टाकली की मजकुराचा किती टक्के भाग यंत्राने लिहिला आहे ते सांगायचं. कमी असेल तर हिरवा पट्टा, जास्त असेल तर लाल. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सभेत सरांचं कौतुक केलं. पूर्वी दोन दुपारी जात, आता वीस मिनिटांत काम होतं, असंही त्या म्हणाल्या. त्या दोन दुपारी कुणाच्या होत्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. काका मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते. एक टाळी वाजवली की दुसरी वाजवायला त्यांना हाताला सांगावं लागत होतं.

त्या सत्राचा गठ्ठा काकांकडे आलाच नाही.

सरांना कल्पनाच नव्हती की तो कधी येत असे. काकांनी सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाने दिला असता. पण मागून मिळालेल्या मानाला मान म्हणायचं का, असा काकांचा प्रश्न होता. ते वाट बघत राहिले. अडतीस वह्या, अडतीस हिरवे पट्टे. सरांनी यादी फळ्याशेजारी लावली आणि मुलांना सांगितलं की शनिवारी दुपारपर्यंत सगळ्यांच्या जर्नलवर सह्या होतील. सही नसेल त्याला प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, हा शाळेचा जुना नियम होता.

बुधवारी शाळा सुटल्यावर काकांनी आपल्या जवळच्या किल्लीने कपाट उघडलं. किल्ली त्यांचीच होती, तेव्हा यात चोरी कसली, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं. काढल्या त्या फक्त चौथ्या टेबलावरच्या सहा मुलांच्या वह्या. प्रयोग होता गरम पाणी थंड होताना दर पाच मिनिटांनी तापमान घेण्याचा, आणि पहिल्या ओळीत त्या दिवशीचं खोलीचं तापमान लिहायचं होतं. काका रोज सकाळी दहा वाजता भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा आपल्या डायरीत लिहीत. त्या दिवशी सत्तावीस होता. म्हणजे चौथ्या टेबलावर एकोणतीस यायला हवा.

पाच वह्यांत एकोणतीस होता. सहाव्या वहीत सत्तावीस.

सहावी वही एका चष्मेवाल्या मुलीची होती. सरांच्या टेबलाभोवती जमणाऱ्यांत ती सगळ्यांत पुढे असायची आणि सतत काहीतरी विचारत असायची. प्रश्न विचारणं आणि सरांपुढे मिरवणं यात काका फारसा फरक करत नसत. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि वही मिटली. आतमध्ये कित्येक दिवसांनी गार वाटलं. सरांच्या सॉफ्टवेअरने हिला हिरवा पट्टा दिला होता. चार टक्के!

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. शेजारच्या टेबलावर सर बसले होते. त्यांना सांगायचं सोडून काका जिना चढून थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. ही वही एआयने बनवलेली आहे, प्रयोग झालेलाच नाही, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी सरांना बोलावून घेतलं. सर आले, त्यांनी वही पाहिली, सॉफ्टवेअरचा आकडा सांगितला, आणि काकांकडे वळून विचारलं, "कशावरून कळलं, काका?"

कशावरून ते सांगायचं तर थर्मामीटरचं सांगावं लागलं असतं. थर्मामीटरचं सांगितलं की एकवीस वर्षं आलीच. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, आपल्याजवळची एकुलती एक युक्ती या माणसाच्या हातात गेली असती. तो दोन दिवसांत तिचंही सॉफ्टवेअर करून मोकळा झाला असता.

"त्याला नजर लागते, सर," काका म्हणाले. "टक्क्यांत सांगता येत नाही."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी वाद घातला नाही. मलाही शिकवा कधीतरी, एवढंच म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, हे काकांना जास्तच लागलं. मोठ्या बाईंनी तीस वर्षांच्या नोकरीवर विश्वास ठेवला. मुलीच्या वहीवरची सही थांबवली, आणि शनिवारी सकाळी तिच्या आईला घेऊन यायला सांगितलं. आईसमोर मुलीने कबूल केलं तर ताकीद देऊन सोडायचं, नाही तर परीक्षा पुढच्या सत्रात.

त्या संध्याकाळी काका जेवताना दोनदा स्वतःशीच हसले. बायकोने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी नव्या सरांचं यंत्र कसं तोंडावर पडलं ते रंगवून सांगितलं. बायको ऐकत होती. मग तिने मुलीचं काय झालं म्हणून विचारलं. काकांनी भाजी वाढून घेतली. त्या मुलीचा त्यांनी तोपर्यंत विचारच केला नव्हता.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती मुलगी प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. रडलेली दिसत होती, पण रडायला आलेली दिसत नव्हती. हातात एक कच्ची वही होती.

"काका, सर म्हणाले तुम्हाला विचार. माझा कुठला आकडा चुकला?"

काकांनी नळ्या पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "चुकला नाही. म्हणूनच तर."

"म्हणजे?"

"त्या टेबलावर सत्तावीस येतच नाही, पोरी. तू कुठून आणलास?"

तिने हातातल्या कच्च्या वहीकडे पाहिलं. पण आपली चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा बघतो तसं नाही. तिच्या मनात काहीतरी जुळत होतं. तिने विचारलं, "तुम्हाला माहीत आहे? तो दोनने जास्त दाखवतो ते?"

काकांनी आधी दार लोटून घेतलं.

मग तिने जे सांगितलं ते असं. प्रयोग झाल्यावर घरी तिने एआयला विचारलं होतं की पाणी कसं थंड होतं. हो, विचारलं होतं, सगळेच विचारतात. त्याने एक सुंदर तक्ता काढून दिला. बाकीच्या मैत्रिणींना असा तक्ता मिळाला की त्या खूश होतात. हिला मात्र शंका आली, कारण त्या तक्त्यात पाणी शेवटी खोलीच्या तापमानाला येऊन थांबत होतं, आणि हिचं थांबलं होतं ते भिंतीवरच्या थर्मामीटरपेक्षा दोन अंश वर. आता यंत्र खोटं बोलतंय की थर्मामीटर?

"दोघांचं पटत नव्हतं," ती म्हणाली. "मग मी बर्फाला विचारलं."

दुसऱ्या दिवशी तिने शिक्षकखोलीतल्या फ्रिजमधला बर्फ मागून आणला, फोडून पाण्यात घातला, आणि त्यात चौथ्या टेबलाचा थर्मामीटर धरला. तो दोनवर थांबला. पहिल्या टेबलाचा शून्यावर. म्हणजे चौथा खोटा. मग तिने आपल्या सगळ्या आकड्यांतून दोन वजा केले.

"थर्मामीटर तुला दिला कुणी?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच दिलात. म्हणालात, घे आणि लवकर आण."

काकांना ते आठवलं. त्या दिवशी सर खिडकीशी मुलांना काहीतरी दाखवत होते आणि सगळी मुलं हसत होती. काकांचं सगळं लक्ष तिकडे होतं. कुणी काय मागितलं, कशाला मागितलं, त्यांनी वर मान करूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिने कच्ची वही उघडली. डावीकडे मूळ आकडे, मध्ये 'वजा दोन', उजवीकडे नवे आकडे. तेरा ओळी. काकांनी तिच्या शेजारणीचं जर्नल काढून बाजूला ठेवलं आणि बोट खाली खाली नेलं. प्रत्येक ओळीत बरोबर दोनचा फरक. एकीत दीड नाही, एकीत अडीच नाही. यंत्राने मनानं बनवलेल्या आकड्यांत शेजारणीच्या वहीशी असा इमानी फरक आलाच नसता. दुसरी ओळ वाचली असती तरी हे दिसलं असतं. पण जळफळाटाला पहिली ओळ पुरते.

"मग हे जर्नलमध्ये का नाही लिहिलंस?"

"त्याला रकानाच नव्हता, काका."

काकांना क्षणभर बरं वाटलं, कारण जर्नलचा नमुना नव्या सरांनी केला होता. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही. जुन्या छापील जर्नलमध्येही तो रकाना नव्हता, आणि ती जर्नलं काकांनीच तीस वर्षं चाळली होती. चौथ्या टेबलावर दरवर्षी निदान सहा मुलं बसत. एकवीस वर्षांत सव्वाशे मुलांनी तो थर्मामीटर हातात धरला, आणि तो खोटा आहे हे एकाही मुलाला कळलं नाही. काका मनात म्हणत, पोरं आंधळी आहेत. आज एक डोळस निघाली, तिला त्यांनी चोर ठरवलं होतं.

"सरांनी सांगितलं होतं का तुला, बर्फात धर म्हणून?" हे विचारायचं काही कारण नव्हतं. तरी विचारल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

"नाही. सरांना पण माहीत नाही अजून."

ती गेल्यावर काका स्टुलावर बसले. गुपचूप सरांना गाठून 'करून टाका सही, माझी नजर चुकली' म्हणता आलं असतं. सरांनी ती केलीही असती आणि पुन्हा विषय काढला नसता. पण सही थांबवली होती मोठ्या बाईंनी, आणि उद्या सकाळी त्या मुलीची आई येऊन त्याच खोलीत मान खाली घालून बसणार होती. नजर चुकली म्हटलं की मुलगी सुटेल, पण संशय सुटणार नाही. तिने केलं काय होतं ते सांगितलं तरच सुटेल. आणि ते सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं.

शनिवारी सकाळी काका मुलीच्या आईच्या आधी मोठ्या बाईंच्या खोलीत हजर झाले. हातात थर्मामीटर आणि एका पेल्यात बर्फ. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सर आले, मुलगी आणि तिची आई आली. आई कामावरून रजा घेऊन आली असावी. तिने कुणी काही बोलायच्या आतच 'पुन्हा असं होणार नाही' म्हणून सांगितलं. मुलीने आईकडे पाहिलं आणि ओठ चावला.

"ताई, थांबा," काका म्हणाले. "तिने काही केलेलं नाही. चूक माझी आहे."

मग त्यांनी थर्मामीटर बर्फात धरला आणि सगळ्यांना बघायला सांगितलं. पारा उतरत उतरत दोनवर आला आणि थांबला. काकांनी सगळं सांगितलं. पेन्सिलीचा ठिपका सांगितला, पहिली ओळ सांगितली, कच्ची वही सगळ्यांपुढे उघडून ठेवली. सांगितलं नाही ते एवढंच, की हे सगळं त्यांनी का केलं. ते कुणी विचारलंही नाही.

मोठ्या बाईंनी पेल्याकडे पाहत विचारलं, "म्हणजे दोन अंशांनी चुकीचा थर्मामीटर तुम्ही मुलांच्या हातात देत होता? किती वर्षं?"

"एकवीस."

मोठ्या बाईंना रागवायचं होतं, पण मुलीच्या आईसमोर रागवावं की नाही ते ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी सोमवारी या विषयावर बोलू असं सांगितलं, आणि तो सोमवार काकांना तिथे उभ्या उभ्या दिसला.

सर मात्र वहीत घुसले होते. ते काकांकडे बघत नव्हते, बाईंकडेही नाही. तेरा ओळी त्यांनी बोटाने मोजल्या, मग मुलीला म्हणाले, "अगं, मी तुला हे शिकवायला हवं होतं. रकाना द्यायला हवा होता." आणि त्यांनी तिथल्या तिथे खिशातलं पेन काढून सही केली. तारीख घातली. मुलीने वही छातीशी धरली आणि म्हणाली, "थँक यू, सर."

काका पेला हातात धरून उभे होते. बर्फ वितळून पाणी झालं होतं.

दुपारी घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळी हकीकत सांगितली. सोमवारी काय होईल त्याची काळजी सांगितली. आणि मग, जे खरं सलत होतं ते सांगितलं. सगळं उघडं केलं आपण, चारचौघांत मान खाली घातली आपण, आणि मुलगी थँक यू म्हणाली ते सरांना.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, तुम्हीच तिला अडकवलंत, तुम्हीच सोडवलंत. हिशोब फिटला. तिने वर आभार कशाचे मानायचे?"

काकांनी एक टॉवेल घडी घालायला घेतला आणि घडी उलटी घातली.

सोमवारी मोठ्या बाई बोलल्या, आणि बऱ्याच बोलल्या. एक लेखी खुलासा द्यावा लागला. पण त्याच्या आधी, सकाळी साडेदहाला, नवे सर आतल्या खोलीत काकांसमोर स्टूल ओढून बसले होते. सहाही टेबलांच्या खोडी त्यांना हव्या होत्या. काकांनी एकेक सांगितली आणि सरांनी लिहून घेतली, आणि प्रत्येक खोड ऐकताना त्यांचे डोळे मुलांसारखे चमकत होते. पुढच्या सत्रापासून जर्नलमध्ये एक रकाना वाढवायचा, सर म्हणाले, आणि पहिला तास असा घ्यायचा की प्रत्येक मुलाने आधी आपल्या सामानाचा खोटेपणा शोधून काढायचा. सामानाचा, मग यंत्राचा, मग स्वतःचा.

"तो तास तुम्ही घ्या, काका," सर म्हणाले. "मला ते जमणार नाही. मी बाजूला उभा राहून बघेन."

काकांनी मान हलवली. घेतो म्हणाले. मग त्यांनी नळ्यांकडे तोंड वळवलं.

तीस वर्षांत त्यांना कुणी वर्गापुढे उभं केलं नव्हतं. मुलांना काय सांगायचं, कुठे थांबायचं, बर्फ कधी काढायचा, हे त्यांना त्या क्षणी सगळं डोळ्यांसमोर दिसू लागलं. एक विनोदसुद्धा सुचला. आणि तरीही फडकं नळीत फिरवताना मनात एक बारीक काटा टोचत राहिला, की इतकी चांगली गोष्ट, आणि तीही नेमकी यालाच आधी सुचावी!